हुतुतूची कबड्डी कशी झाली?

मंडळी, गेल्या उन्हाळ्याच्या सहलीत जेवणं झाल्यावर हुतुतूचा डाव मांडला होता, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. डाव दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही. नागपूरचे एक काका म्हणाले, "बाद झालेल्यानं बाहेर बसायचं, सगळा संघ बाद होईपर्यंत." मुंबईच्या एका गृहस्थांनी लगेच हरकत घेतली, "छे छे, समोरचा एक बाद झाला की आपला एक गडी उठतो!" सांगलीच्या मंडळींच्या गल्लीत तर बाद झालेला बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजायचे. वाद रंगला, पन्हं संपलं आणि मुलं कंटाळून फ्रिस्बी खेळायला निघून गेली.

घरी येताना गाडीत मुलीनं विचारलं, "बाबा, हा खरा स्पोर्ट आहे की नुसता तुमच्या लहानपणचा गेम?" शाळेत तिनं एकदा कबड्डीचं नाव काढलं होतं, तेव्हा मैत्रिणींनी "ही तर पकडापकडी!" म्हणून हसण्यावारी नेलं होतं. मी तिला ठासून सांगितलं की खरा खेळ आहे. पण का खरा, हे काही मला नीट सांगता येईना. मग वाचायला बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी सोपी उत्तरं बाद करू. घाम गाळला की खेळ, असं म्हणावं तर बुद्धिबळाचं काय? १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये असेल तो खरा खेळ म्हणावं, तर आपल्या सहलीतली रस्सीखेच १९०० ते १९२० या काळात पाच ऑलिंपिकमध्ये होती, नंतर काढून टाकली. म्हणजे १९२० पर्यंत ती खेळ होती आणि त्यानंतर नाही, असं थोडंच आहे? आणि कबड्डीला तर ऑलिंपिकच्या पदकांत अजून जागाच मिळालेली नाही.

आता हुतुतूकडे वळू. हा खेळ कुणा एकानं शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रात हुतुतू, दक्षिणेत चेडुगुडु, बंगालात हाडुडू. नावं वेगळी, पण मूळ गोष्ट एकच: एका दमात समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं. बाकी सगळं गावोगाव वेगळं. अंगण मोठं असेल तर हद्द मोठी, पोरं जास्त असतील तर गडी जास्त. सहलीत आपण ज्यावरून भांडलो, ते तीनही प्रकार खरे होते आणि त्यांना नावंसुद्धा होती. गडी उठतो ती संजीवनी, सगळे बाद होईपर्यंत बाहेर बसायचं ती गामिनी आणि कुणीच बाहेर जात नाही तो अमर. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि म्हणूनच डाव होऊ शकला नाही!

गल्लीत हे चालून जातं, कारण समोरचा गडी आपल्याच आळीतला असतो. अडचण येते ती परगावचा संघ आल्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा आणि जिमखाने याच कामाला लागले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं १९२३ मध्ये हुतुतूचे नियम छापून स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथे देशी व्यायामाची आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत कबड्डीही होती. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला.

नियम बांधायचे म्हणजे कुणाला तरी आपलं सोडावं लागतं. संजीवनी राहिली, गामिनी आणि अमर मागे पडले. हुतुतू आणि हाडुडू ही नावं गेली, कबड्डी राहिली. सात गडी, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मोजून आखलेलं मैदान, निदान रेषा, लोणाचे दोन गुण, सगळं कागदावर आलं. आपल्या गावची रीत यादीत नाही म्हणून त्या काळीही कुणीतरी नक्कीच रुसलं असेल. पण त्या सोडण्यामुळेच सातारचा गडी बंगालच्या गड्याशी खेळू शकला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी तर या कामासाठी जन्म वेचला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवली गेली आणि १९९० च्या बीजिंग एशियाडपासून तिला पदकं मिळू लागली.

त्यानंतर २०१४ पर्यंत पुरुषांच्या सातही एशियाडमध्ये सुवर्णपदक भारताचंच. आपल्याला केवढा अभिमान! पण जिथे एकच संघ जिंकतो तो खेळ अजून थोडा घरचाच राहतो, असं मला आता वाटतं. २०१८ साली जकार्तामध्ये ते बदललं. उपांत्य सामन्यात इराणनं भारताच्या पुरुषांना हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! परक्या देशात जाऊन, तिथली भाषा शिकून त्यांनी त्या मुलींना कबड्डीत तयार केलं. त्या दिवशी पुष्कळांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण हुतुतू खऱ्या अर्थानं जगाचा खेळ कधी झाला असं कुणी विचारलं, तर मी त्याच दिवसाचं नाव घेईन. ज्यांनी आपली अंगणं कधी पाहिली नाहीत त्यांनी आपलेच नियम पाळून आपल्याला हरवलं, आणि आपण ते मान्य केलं.

आता एक गंमत. हांगझोऊला झालेल्या एशियाडचा अंतिम सामना ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा भारत आणि इराण यांच्यातच होता. शेवटच्या दोन मिनिटांत २८-२८ अशी बरोबरी. भारताचा पवन सेहरावत चढाईत कुणाला न शिवता बाजूच्या पट्टीत गेला, त्याच्या मागोमाग इराणचे चार गडीही गेले. मग गुण कुणाला आणि किती? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरंच. तासभर खेळ थांबला, खेळाडू मैदानातच बसून राहिले. शेवटी सामना पुरा झाला आणि भारत ३३-२९ असा जिंकला.

हे वाचताना मला आपली सहलच आठवली! वाद तिथेही झाला. फरक एवढाच की तिथे नियमाचं पुस्तक होतं, पंच होते आणि चिडलेले असूनही दोन्ही संघ निकालासाठी थांबले. आपण थांबलो नाही, म्हणून मुलं निघून गेली.

तेव्हा मुलीला माझं उत्तर असं: अनोळखी माणसाशीही ठरलेल्या नियमांनी खेळता येतं आणि हरल्यावर 'हरलो' असं कबूल करता येतं, तो खेळ. नाहीतर ती नुसती आपली आठवण. आठवणीही गोड असतात, पण त्या मुलांच्या हाती देता येत नाहीत. नियम देता येतात.

म्हणून येत्या सहलीसाठी एक विनंती. संजीवनीचे नियम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मी आणतो. रेघा मारायला कुणीतरी चुना आणा. पंच म्हणून मुलांपैकीच एकाला उभं करू, आणि तो बाद म्हणाला की काका असो वा आजोबा, मुकाट्यानं बाहेर जायचं. शेजारची अमेरिकन मुलं बघायला आली तर त्यांनाही आत घ्या. त्यांनी आपल्याला हरवलं, तर पन्हं माझ्याकडून!