मुदत टळल्यानंतर जोड उत्पन्नाची नोंद : प्राप्तिकर कायद्यातील तरतुदी

नोकरीच्या वेतनाखेरीज शिकवण्या, भाषांतर, छायाचित्रण, सल्लागारी अथवा घरभाडे यांतून अनेकांना जोड उत्पन्न मिळते. मालकाने वेतनातून कर कापला म्हणजे आपले दायित्व संपले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात सर्व मार्गांनी मिळालेले उत्पन्न एकत्र करून त्यावर कर आकारला जातो. विवरणपत्राची मुदत टळली तरी हे उत्पन्न घोषित करण्याचे मार्ग कायद्याने खुले ठेवले आहेत. मात्र विलंबागणिक त्याची किंमत वाढत जाते.

वेगळी नोंदणी आवश्यक आहे काय?

प्राप्तिकरासाठी जोड उत्पन्नाची स्वतंत्र नोंदणी करावी लागत नाही. स्थायी खाते क्रमांक, म्हणजेच पॅन, पुरेसा असतो. वस्तू व सेवा कराचा विषय निराळा आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास त्या कराची नोंदणी बंधनकारक ठरते. मणिपूर, मिझोराम, नागालँड व त्रिपुरा या राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे. नोकरीचे वेतन या उलाढालीत मोजले जात नाही.

विलंबित आणि सुधारित विवरणपत्र

विवरणपत्र मुळीच भरले नसेल तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १३९(४) अन्वये विलंबित विवरणपत्र भरता येते. ते भरले असून त्यात जोड उत्पन्न राहून गेले असेल, तर कलम १३९(५) अन्वये सुधारित विवरणपत्र सादर करता येते. २०२३-२४ या वित्तीय वर्षाच्या उत्पन्नासाठी मूळ मुदत ३१ जुलै २०२४ होती. विलंबित व सुधारित विवरणपत्रांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. निवासी व्यक्तींसाठी ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवण्यात आली होती.

विलंबित विवरणपत्रासाठी कलम २३४एफ अन्वये ५ हजार रुपये शुल्क आकारले जाते. एकूण उत्पन्न ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास हे शुल्क १ हजार रुपये असते. याशिवाय थकीत करावर कलम २३४ए अन्वये दरमहा एक टक्का व्याज लागते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो. वर्षाचे उर्वरित करदायित्व १० हजार रुपये वा अधिक असूनही आगाऊ कर भरलेला नसल्यास कलम २३४बी व २३४सी अन्वये वेगळे व्याज आकारले जाते.

विलंबाचे आणखीही परिणाम होतात. व्यवसायातील तोटा पुढील वर्षांत ओढता येत नाही. तसेच २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूलभूत ठरल्यामुळे, उशिरा विवरणपत्र भरणाऱ्या वेतनदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही. परिणामी कलम ८०सी सारख्या वजावटींचा लाभ तो गमावतो.

अद्ययावत विवरणपत्र

वरील मुदतही टळल्यास कलम १३९(८ए) अन्वये अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो. ही तरतूद २०२२ च्या वित्त कायद्याने करण्यात आली. आरंभी त्यासाठी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून २४ महिने मिळत असत. २०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत ४८ महिने केली. त्यानुसार २०२३-२४ च्या उत्पन्नासाठी अंतिम तारीख ३१ मार्च २०२९ ही आहे.

या मार्गाने जाताना कर व व्याज यांच्या बेरजेवर अतिरिक्त कर द्यावा लागतो. पहिल्या १२ महिन्यांत तो २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ महिन्यांपर्यंत ६० टक्के आणि ४८ महिन्यांपर्यंत ७० टक्के असतो.

उदाहरणार्थ, २० टक्क्यांच्या टप्प्यातील एखाद्या शिक्षकाने शिकवण्यांतून मिळालेले १ लाख रुपये निव्वळ उत्पन्न दाखवले नसेल, तर उपकरासह २० हजार ८०० रुपये कर निघतो. केवळ या रकमेवर अतिरिक्त कर पहिल्या टप्प्यात ५ हजार २०० रुपये, तर शेवटच्या टप्प्यात १४ हजार ५६० रुपये होतो. व्याज आणि त्यावरील अतिरिक्त कर निराळाच.

परतावा मागण्यासाठी किंवा आधी दाखवलेला कर कमी करण्यासाठी अद्ययावत विवरणपत्र वापरता येत नाही. परतावा अडकला असल्यास कलम ११९(२)(ब) अन्वये विलंब माफीचा अर्ज करता येतो.

पूर्वतयारी

विवरणपत्र भरण्यापूर्वी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण आणि २६एएस हा तक्ता पडताळून पाहणे श्रेयस्कर असते. बँकेचे व्याज, लाभांश आणि कापलेला कर यांच्या नोंदी विभागाकडे आधीच पोहोचलेल्या असतात. शिकवण्यांसारखे व्यवसायातील उत्पन्न वेतनदारांच्या सोप्या ‘आयटीआर-१’ नमुन्यात दाखवता येत नाही. त्यासाठी ‘आयटीआर-३’ अथवा अनुमानित उत्पन्नासाठी ‘आयटीआर-४’ हा नमुना वापरावा लागतो. डॉक्टर, वकील, अभियंते यांसारख्या व्यावसायिकांना कलम ४४एडीए अन्वये विहित मर्यादेत एकूण प्राप्तीच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची मुभा आहे.

नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू होतो. त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाचा निवाडा १९६१ च्या कायद्यानुसारच होतो. विभागाने स्वतःहून उत्पन्न शोधून काढल्यास कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, तर हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिल्यास २०० टक्के दंडाची तरतूद कलम २७०ए मध्ये आहे. म्हणूनच नोटिशीची वाट न पाहता स्वेच्छेने केलेली घोषणा करदात्याला तुलनेने कमी खर्चाची ठरते.