१८१८ च्या नाण्याची उलटतपासणी

लालबाग परिसरातील विद्यार्थी घरच्या देव्हाऱ्यातील एक जुनाट दिसणारे नाणे पुष्कळदा शाळेत आणून दाखवितात. त्याच्या एका बाजूस रामसभा असते. दुसऱ्या बाजूस रोमन लिपीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'एक आणा', १८१८ हे साल आणि 'यू. के. एल.' अशी अक्षरे असतात. हे नाणे अस्सल काय, हा प्रश्न इंदूरकरांस विशेष भुरळ घालणारा आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदुरास आली. साल असे आपल्या इतिहासाशी जुळले की संशयास जागाच उरत नाही.

परंतु नाणे हा एक साक्षीदार होय. त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. कंपनीच्या मुलखात एकसूत्री चलन १८३५ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी बंगाल, मुंबई व मद्रास इलाख्यांची नाणी निरनिराळी होती. १८३५ च्या तांब्याच्या नाण्यांत अर्धा आणा, पाव आणा व आण्याचा बारावा भाग, म्हणजे पै, एवढीच मूल्ये आढळतात. एक आण्याचे नाणे सरकारने काढले ते १९०७ मध्ये, आणि तेही तांबे व निकेल ह्यांच्या मिश्रधातूचे. अर्थात १८१८ चा 'एक आणा' आपल्याच शब्दांत पकडला जातो.

येथे एका घाईच्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. रामाची मूर्ती आहे एवढ्यावरून नाणे खोटे ठरत नाही. अकबराने 'राम सीय' अशा नागरी अक्षरांची नाणी पाडली होती. कंपनीच्या मद्रासकडील सोन्याच्या पॅगोडांवरही विष्णुमूर्ती असे. दोष मूर्तीचा नव्हे, साल आणि मूल्य ह्यांच्या विसंगतीचा आहे.

मग १८१८ साली इंदुरात खरोखर काय चालत होते? मल्हारनगरच्या टांकसाळीचा रुपया. त्यावर सूर्यमुखाचे चिन्ह असे, आणि नाव असे बादशहा शाहआलमचे, जो १८०६ मध्येच मृत्यू पावला होता! अस्सल नाणेही असे अक्षरशः खरे बोलत नाही. मात्र मृत बादशहाच्या नावाने पाडलेला रुपया त्या काळच्या राजसत्तेचा संकेत सांगतो. आजच्या कारखान्यातील आणा केवळ गिऱ्हाइकाची श्रद्धा सांगतो.

ही चर्चा निव्वळ पांडित्याची नाही. असली नाणी तांदूळ ओढून घेतात, त्यांत अद्भुत धातू असून परदेशांत त्यांस कोट्यवधींची किंमत येते, अशी थाप मारून ठक लोक भोळ्या कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी लुबाडतात. वस्तुतः चुंबक तांदळास ओढीत नाही. दाण्यांस लोखंडाची बारीक पूड चोपडून व नाण्यात चुंबक दडवून हा खेळ केला जातो.

म्हणून शिक्षकाने विद्यार्थ्याचे नाणे हसण्यावारी नेऊ नये. देव्हाऱ्यातील पूजेची वस्तू म्हणून तिचा मान राखावा, आणि मग त्याला तीनच प्रश्न विचारावयास शिकवावे: हे कोणी पाडले म्हणतात, केव्हा, आणि किती मूल्याचे? ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळतात की नाही हे ज्यास पाहता आले, तो इतिहास शिकला आणि फसवणुकीतूनही वाचला.