अंधारी, चकवा आणि मेंदूतला नकाशा

(दौलताबाद येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



दौलताबादेत उभं राहून मेंदूविषयी बोलायचं म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं असणार की आज 'वेडा महंमद' ऐकायला मिळणार. साहजिक आहे. आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही महंमद तुघलक माहीत असतो तो वेडा म्हणूनच. १३२७ साली त्यानं दिल्लीची राजधानी इथं देवगिरीला आणली, पुढं तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या मोलानं चालवायला काढलं, आणि दोन्ही गोष्टी अंगाशी आल्या. आजही एखादा विचित्र सरकारी आदेश निघाला की आपण 'तुघलकी कारभार' म्हणून मोकळे होतो.

पण हे निदान केलं कुणी? इसामी नावाचा एक कवी-इतिहासकार होता. त्याच्या घरच्यांना दिल्ली सोडावी लागली आणि त्याचे नव्वदीतले आजोबा वाटेतच गेले, असं तो लिहितो. दुसरा बरनी. तो सुलतानाच्या दरबारातला माणूस. सुलतान गेल्यावर त्याचे दिवस फिरले आणि त्यानंतर त्यानं आपला इतिहास लिहिला. म्हणजे लिहिणारे दुखावलेले होते आणि त्यांचा राग खराही होता. पण राग म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. १३५१ साली मेलेल्या माणसाच्या मेंदूत काय चाललं होतं हे आज कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सुलतानाला मी इथंच सोडतो. जाता जाता एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्याचं वागणं आपल्याला कळत नाही, त्याला एक शब्द चिकटवून आपण मोकळे होतो. राजाला 'वेडा', आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'साठी बुद्धी नाठी'. आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या शब्दाबद्दल, आणि त्यासाठी मला या किल्ल्यातली अंधारी हवी आहे.

अंधारी काय हिरावून घेते

तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली आहे. संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्यानं निघालं की पंधराएक किलोमीटरवर हा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी चाँद मिनार. लांबून सगळं किती सोपं वाटतं! डोंगर समोर, मिनार बाजूला, चुकायचं काय त्यात? मग एकामागून एक दरवाजे लागतात, तटबंद्या लागतात, शेवटी कातळात खोदलेला खंदक आणि सरळ तासलेला कडा. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथं येऊन गेला. वर चढायला चामड्याची शिडी होती आणि ती रात्री वर ओढून घेत, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे वर जायची वाट आपल्या हातात ठेवायची, हा इथला जुना विचार.

अंधारी हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. कातळातून वर जाणारा बोगदा, वळणं घेणारा, उंचसखल पायऱ्यांचा. वटवाघळांचा वास आणि मिट्ट काळोख. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून विस्तव पेटवला की धूर आत कोंडायचा. गाइड लोक याला आणखी गोष्टी जोडतात. वाटेला फाटे होते, शत्रूच्याच दोन तुकड्या काळोखात एकमेकांवर तुटून पडत, उजेडाचा कवडसा बघून धावणारा थेट खंदकात पडे. त्यातलं किती घडलं ते सोडा. गोष्टीचा गाभा बघा. त्यात तलवार कुठंच नाही. अंधारी माणसाकडून एकच गोष्ट काढून घेते: 'मी कुठं आहे' याचं भान.

मी कॉलेजात असताना गाइडनं मधेच बॅटरी विझवली होती. चार पावलं टाका म्हणाला. टाकली. मग विचारलं, दरवाजा कुठल्या बाजूला? आम्ही आठ जण होतो. आठ हात चार दिशांना!

चकवा

आपल्याकडं याला सुंदर शब्द आहे. चकवा. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो आणि पहाटे सांगतो, मला चकवा लागला होता. भूत मानायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण अनुभव खरा आहे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात 'सरळ चालत राहा' म्हणून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं तेव्हा ती गोल फिरू लागली. डोळे बांधून चालवलं तर काही जण वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत होते, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती.

म्हणजे काय, तर मेंदू वाट दोन प्रकारे धरतो. एक, बाहेरच्या खुणा. आपल्या शहरात पत्ता सांगताना आपण काय म्हणतो? पैठण गेटपासून डावीकडं, भडकल गेटच्या अलीकडं. दुसरा, आतला हिशेब. किती पावलं झाली, किती वळलो, कुठल्या बाजूला वळलो. हा हिशेब न सांगता सतत चालू असतो, पण त्यात दर पावलाला थोडी थोडी चूक साठत जाते. उजेडात बाहेरची खूण दिसली की मेंदू ती चूक दुरुस्त करून घेतो. अंधारीत खूणच नाही, मग चूक साठतच जाते. वर पायऱ्या उंचसखल, म्हणून पावलंही मोजता येत नाहीत. अंधारी खणणाऱ्यांना मेंदूशास्त्र माहीत नव्हतं. पण माणूस कशानं हरवतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नकाशा सापडला तो कसा

हा आतला हिशेब मेंदूत लिहिला कुठं जातो? १९४८ साली टोलमन या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं की भूलभुलैयात फिरणारा उंदीर नुसती डावी-उजवी वळणं घोकत नाही, त्याच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो. तेव्हा ते बऱ्याच जणांना पटलं नाही. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांचे सहकारी डोस्त्रोव्हस्की यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवल्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. तिथली एक पेशी उंदीर पेटीच्या ठरावीक कोपऱ्यात आला की जागी व्हायची, दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात. या स्थानपेशी. १९९० च्या सुमारास दिशापेशींचं काम प्रसिद्ध झालं. तोंड एका ठरावीक दिशेला वळलं की त्या बोलतात. आणि २००५ मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्या एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये जाळीपेशी सापडल्या. त्या जमिनीवर जणू षटकोनी जाळं टाकतात, आलेखाच्या कागदासारखं, आणि त्यावर चाल मोजली जाते. ओकीफ आणि मोझर दाम्पत्याला २०१४ चं नोबेल मिळालं.

अंधाराचं काय? २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर पाहिलं. दिवा घालवला की जाळीपेशींचं ते नेटकं जाळं विस्कटतं. माझ्या मते अंधारीवरचं हे सगळ्यात नेमकं भाष्य आहे, आणि ते करणाऱ्यांनी दौलताबादचं नावही ऐकलेलं नसेल.

जिथून सुरुवात होते

आता मुद्द्याकडं येतो. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. अलॉइस अल्झायमर हे तिचे डॉक्टर. ती वारल्यावर १९०६ मध्ये त्यांनी तिच्या मेंदूतले बदल जगापुढं मांडले आणि पुढं त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. त्यांनी तिची जी लक्षणं नोंदवली त्यातलं एक फार कमी वेळा सांगितलं जातं: तिला स्वतःच्या घरात वाट सापडेना.

१९९१ मध्ये ब्राक दाम्पत्यानं मृत व्यक्तींचे मेंदू तपासून या आजाराचे टप्पे लावले. पेशींच्या आत प्रथिनाच्या गाठी होतात. मेंदूच्या बाह्य आवरणात त्या सर्वांत आधी दिसतात त्या एंटोरायनल कॉर्टेक्सच्या आसपास. चौदा वर्षांनी त्याच भागात जाळीपेशी सापडल्या. आजार वाट धरण्याच्या मुळाशीच आधी पोचतो, हे दोन धागे जोडल्यावर लक्षात आलं.

म्हणून केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांनी एक साधी चाचणी केली. डोळ्यांना आभासी दृश्याचा चश्मा लावायचा, माणसाला थोडं सरळ, मग वळून पुन्हा सरळ असं चालवायचं आणि सांगायचं, आता निघालात तिथं परत या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या उंबरठ्यावर असलेली माणसं एक चूक वारंवार करत होती: घेतलेलं वळण त्यांना होतं त्याहून मोठं वाटायचं. निरोगी वृद्धांत ही चूक अशी दिसली नाही. २०२४ मध्ये ४३ ते ६६ वयाच्या, काहीच तक्रार नसलेल्या माणसांवर असाच अभ्यास झाला. आजाराचा धोका ज्यांना जास्त होता ती यात कमी पडली, आणि तरी स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्यांत त्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं मराठवाड्यातला एक रस्ता त्यांना विचारावा लागला नाही. निवृत्तीनंतर एकदा दूध आणायला गेले आणि भलत्याच गल्लीत शिरले. घरी आल्यावर आम्ही सगळे हसलो. मामांना चकवा लागला! मग दोनदा झालं, मग ओळखीच्या लग्नाच्या कार्यालयातून बाहेर पडून उलट्या बाजूला चालत गेले. आम्ही दोन वर्षं हसत होतो. नावं आठवत होती, पाढे येत होते, गाड्यांचे नंबर तोंडपाठ होते, म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. विसरणं म्हणजे नावं विसरणं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. 'अस्तु' सिनेमात मोहन आगाशे हत्तीच्या मागं चालत निघून जातात ना, तो प्रसंग मी पुढं पाहिला आणि मला सिनेमागृहात बसवेना.

देशातल्या मोठ्या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज असा आहे की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. यातल्या किती घरांत आज 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसत असतील?

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*रस्ता चुकला की अल्झायमरच समजायचं का?*

नाही, अजिबात नाही. अनोळखी गावात मीही चुकतो. ओळखीच्या वाटेवर वारंवार चुकणं आणि ते नव्यानं सुरू होणं, याकडं लक्ष द्या. आणि तेव्हाही घाबरून न जाता डॉक्टरांकडं जा, कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, नजर किंवा चालू असलेली औषधं यांनीही असा गोंधळ होतो, आणि त्यातलं बरंच सुधारतं. अल्झायमर निघालाच तर तो बरा करणारं औषध आज नाही. लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं सुरुवातीच्या टप्प्यात घसरण काहीशी मंदावतात. मोठ्या चाचणीत दीड वर्षात ती २७ टक्क्यांनी कमी दिसली. पण मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका आहे आणि खर्चही मोठा. तरी वेळेवर कळलं तर खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवता येते, बँकेची कामं नीट लावता येतात, आणि मुख्य म्हणजे माणसावर हसणं थांबतं.

*मोबाइलच्या नकाशानं आपली वाट धरण्याची शक्ती जाईल का?*

लंडनच्या टॅक्सीवाल्यांना हजारो गल्ल्या पाठ कराव्या लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, हे २००० मध्ये दिसलं. २०२४ च्या शेवटी अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींवरून आलेल्या अभ्यासात टॅक्सी आणि रुग्णवाहिकेच्या चालकांत अल्झायमरनं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास निघालं, एकूण लोकांत १.६९. ठरावीक मार्गावर जाणाऱ्या बसचालकांत मात्र तो फरक नव्हता. हे वाचलं तेव्हा मला मामाच आठवले. पण जपून बोलतो: अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. ज्यांची वाट धरण्याची शक्ती मुळात चांगली तेच टॅक्सी चालवत असतील. मोबाइल टाकून द्या असं मी म्हणणार नाही. कधीमधी खिशात ठेवून चाला, इतकंच.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. एवढी अंधारी, एवढा खंदक, पण या किल्ल्याची सगळ्यात प्रसिद्ध हार वेगळीच आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक आला तेव्हा रामदेवरायानं घाईनं गोण्या गडावर चढवल्या. वेढा पडल्यावर उघडल्या तर धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा सांगतात. बाहेरून गोणी भरलेली दिसली, म्हणून कुणी आत बघितलं नाही. आमच्या घरात तेच झालं होतं. नावं आठवतात, पाढे येतात, म्हणजे सगळं ठीक. तुमच्या घरी कुणी ओळखीच्या वळणावर थबकलं, तर हसू नका. त्यांच्याबरोबर चार पावलं चाला आणि विचारा, काका, इथून घर कुठल्या बाजूला?