ईबेने स्काइप विकत घेतलं, पण हाती काय आलं?

स्काइप म्हटलं की आपल्याला मायक्रोसॉफ्ट आठवतं. पण त्याआधी ते ईबे या ऑनलाइन बाजाराच्या मालकीचं होतं.

सप्टेंबर २००५ मध्ये ईबेने सुमारे २.६ अब्ज डॉलरचा हा सौदा जाहीर केला. हिशोब साधा होता: महागडी वस्तू घेताना ग्राहक विक्रेत्याशी थेट बोलेल आणि विक्री वाढेल. पण लोकांचं काम ईमेलवरच भागत होतं. २००७ मध्ये ईबेने सुमारे १.४ अब्ज डॉलरचा फटका मान्य केला.

मला खरी गोम वेगळीच वाटते. स्काइपचे कॉल पीअर-टू-पीअर तंत्रावर, म्हणजे वापरणाऱ्यांच्याच कॉम्प्युटरच्या जाळ्यातून जायचे. या मूळ तंत्राची मालकी संस्थापक निकलस झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांच्या जोल्टिड कंपनीकडेच राहिली. ईबेकडे फक्त लायसन्स!

२००९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी संस्थापकांना हिस्सा देऊन तडजोड झाली आणि ईबेने सुमारे ७० टक्के मालकी विकली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइपसाठी ८.५ अब्ज डॉलर मोजले, तेव्हा उरलेल्या हिश्श्याचे ईबेलाही चांगले पैसे मिळाले.

म्हणून मी म्हणतो, गाडी घेताना इंजिन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा.