वर्षांचा हिशेब

दिवाळीच्या फराळासमोर कर्करोगाचा विषय काढू नये, हे मला कळते. परंतु हिंगोलीकडच्या घरात कोणाच्या कानाखाली गाठ आली आणि तपासणीत ती वाईट निघाली, की पहिला प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, किती वर्षं?" या प्रश्नाच्या उत्तरालाही एक इतिहास आहे.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सर्वांत मोठी कानापुढची. गालफुगीत सुजते ती हीच. चेहरा हालविणारा मज्जातंतू तिच्यातूनच जातो, म्हणून तेथे शस्त्र चालविणे नाजूक काम. तिच्यातील बहुतेक गाठी साध्या असतात. कर्करोग क्वचित, पण त्याचे प्रकार वीसांहून अधिक! एकट्या वैद्याचा अनुभव तोकडा पडे तो यामुळेच.

यांतील एका प्रकाराला एकोणिसाव्या शतकात शल्यवैद्य बिलरोथ यांनी 'सिलिंड्रोमा' म्हटले. नाव निरुपद्रवी, वाढही मंद; त्यामुळे कित्येकांना तो सौम्य वाटला. १९५३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील फूट आणि फ्रेझेल यांनी ८७७ रोग्यांची टिपणे एकत्र मांडली, आणि कोणता प्रकार कसा वागतो हे स्पष्ट होऊ लागले. सिलिंड्रोमाला पुढे 'अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा' हे नाव रूढ झाले.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. तंबाखू तोंडात जेथे धरावी तेथेच कर्करोग उठतो, हे त्यांनी दाखविले. लाळग्रंथींच्या बाबतीत मात्र असे सरळ बोट दाखविता येत नाही. हिंगोली तेव्हा निजामी राज्यात, परभणी जिल्ह्यातला तालुका. १९९९ साली तिचा जिल्हा झाला. तेथून परळ गाठायचे म्हणजे लहान रुळांच्या गाडीने पूर्णा, मग मनमाड आणि तेथून मोठी गाडी.

आता हिशेब. सौम्य दर्जाचा म्यूकोएपिडरमॉइड कर्करोग पुरता काढला, तर बहुतेक रोगी बरे होतात. अ‍ॅडिनॉइड सिस्टिकचे गणित निराळे. पाच वर्षांनी बहुतेक रोगी हयात असतात. पंधरा-वीस वर्षांनी आकडा बराच उतरतो. हा रोग मज्जातंतूंच्या कडेने सरकतो आणि उशिरा फुप्फुसांत उतरतो. तरी तेथे ठिपके दिसल्यावरही कित्येक जण वर्षानुवर्षे कामधंदा करतात. शस्त्रक्रिया व गरजेप्रमाणे किरणोपचार हाच आजही मुख्य इलाज. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी या रोगातील दोन जनुकांची विचित्र जोडणी दाखविली. पण तो मुळापासून उपटणारे औषध अजून हाती नाही.

म्हणून "किती वर्षं?" याआधी "कोणता प्रकार? कोणता दर्जा? कडा स्वच्छ निघाल्या का?" असे विचारावे. पाच वर्षे धडधाकट गेली की माणूस तपासणीची वारी मोडतो; गाडीभाडे व बुडालेली मजुरी पाहता त्याला दोष कसा द्यावा? पण या रोगात पाच वर्षे म्हणजे अर्धी वाटदेखील नव्हे. तपासणीचा कागद घरातल्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारीच जपून ठेवावा. वीस वर्षांनीही तो लागेल.