माल्कमपेठेचे कागद

महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावर, खाली कोकण आणि समोर प्रतापगड दिसतो अशा जागी, एक स्तंभ उभा आहे. जनरल पीटर लॉडविक यांच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ तो १८७४ मध्ये उभारला. त्यावरच्या इंग्रजी लेखाचा आशय असा: १८२४ साली या डोंगरावर पाऊल ठेवणारा हा पहिला युरोपीय, इथल्या हवेचे गुण त्याने लोकांच्या नजरेस आणले आणि त्यातूनच महाबळेश्वरचे आरोग्यस्थान उभे राहिले. लॉडविक २८ ऑगस्ट १८७३ रोजी फ्रान्समध्ये वारला. पुढच्याच वर्षी हा स्तंभ लागला आणि ज्या टोकाला आधी सिडनी पॉइंट म्हणत, ते लॉडविक पॉइंट झाले.

महाबळेश्वर ‘कोणी शोधले’ याचे उत्तर आजही बहुतेकांना या दगडावरूनच मिळते. दगड खोटे सांगत नाही. तो एका मुलाने वडिलांविषयी, घटनेनंतर पन्नास वर्षांनी सांगितलेले सांगतो. इतिहास लिहायचा तर त्याची साक्ष घ्यावी, पण निकाल तेवढ्यावर देऊ नये. घटनेच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे आणि ज्यांनी दगड उभारले नाहीत त्यांचे कागद शोधावेत.

मुळात डोंगर रिकामा नव्हता. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाचे क्षेत्र म्हणून जुने महाबळेश्वर शतकानुशतके नांदते होते. जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची तुला शिवाजी महाराजांनी इथेच केली. कोकणातून पार गावावरून वर चढणारी रडतोंडीची वाट माणसांच्या आणि बैलांच्या पायाखालची होती. रानात धावड दगडातून लोखंड गाळत. पुढे जंगलतोडीवर निर्बंध आले, कोळशाला लाकूड मिळेना आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. स्तंभावरच्या लेखातला ‘युरोपीय’ हा शब्द म्हणून फार जपून वाचावा लागतो.

घटनेच्या जवळ नेणारा पुढचा टप्पा म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड. तो १८८५ मध्ये निघाला. त्यात महाबळेश्वरच्या गिरिस्थानाची नोंद ‘माल्कमपेठ’ या नावाखाली आहे. तिच्यातून जो क्रम निघतो तो स्तंभापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. १८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याला असलेला लॉडविक डोंगरावर आला आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याने त्याविषयी लिहिले. मग साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज आला. त्याने १८२६ मध्ये इथे घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गळ घालून साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता करवला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमने आजारी गोऱ्या शिपायांसाठी प्रयोग म्हणून इथे रुग्णालय चालवले, स्वतः येऊन राहिला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परत येऊन गावाची आखणी केली.

या क्रमात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. बातमी लॉडविकने दिली, गळ ब्रिग्जने घातली, आखणी माल्कमने केली. रस्ता मात्र छत्रपतींच्या खजिन्यातून झाला. जमीनही छत्रपतींचीच होती.

त्याचा पुरावा म्हणजे १६ मे १८२९ चा करार. आठवण आणि कौतुक बाजूला ठेवून व्यवहाराची भाषा बोलणारा हा कागद आहे. महाबळेश्वरचा मुलूख छत्रपतींनी कंपनी सरकारला दिला आणि बदल्यात सरकारने खंडाळा गाव त्यांना दिले. लोणावळ्याजवळचे खंडाळे पर्यटकांच्या तोंडी इतके बसले आहे की हा उल्लेख वाचताना अनेकांची गफलत होते. करारातले खंडाळे वाईकडचे, म्हणजे आज साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर लागते ते. एका गावाच्या बदल्यात एक डोंगर असा हा सौदा आहे. कोणी कोणाचे काही शोधल्याचा त्यात उल्लेख नाही, कारण ज्याच्या मालकीचे होते तो समोर बसून सही करत होता. नव्या वस्तीला माल्कमचे नाव द्यावे ही इच्छाही प्रतापसिंहांचीच होती. ‘पेठ’ हा प्रत्यय मराठी राज्यकर्त्यांच्या नगररचनेतला. पेठ वसवायची म्हणजे व्यापाऱ्यांना बोलवायचे, बाजार भरवायचा, वस्तीला आकार द्यायचा. इंग्रज गव्हर्नरचे नाव आणि मराठी पेठ यांचा हा जोड छत्रपतींच्या बाजूने झालेल्या वसाहतीची आठवण धरून आहे.

इथून कागदांची वाट अवघड होते. ज्या छत्रपतींनी रस्ता आणि जमीन दिली, त्यांच्यावर सात वर्षांनी, १८३६ मध्ये, कंपनीविरुद्ध कट केल्याचा आरोप आला. पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान असे त्या आरोपांचे स्वरूप होते. चौकशीसाठी गुप्त समिती बसली. तिच्या तीन सभासदांपैकी एक होता साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट पीटर लॉडविक. तोच लॉडविक. बारा वर्षांपूर्वी ज्याने डोंगराची हवा वाखाणली, तो आता त्या डोंगराच्या मूळ धन्याच्या चौकशीला बसला होता. १८३७ मध्ये त्याच्या जागी चार्ल्स ओव्हान्स आला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. त्यांना काशीला नेले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

कथा इथेच थांबली असती तर लॉडविक एका बाजूचा ठरला असता. पण प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी धन्याची बाजू घेऊन लंडनमध्ये चौदा वर्षे तळ ठोकला, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून आणि पार्लमेंटातून प्रश्न उभे करवले आणि त्यामुळे साताऱ्याच्या प्रकरणाचे गठ्ठेच्या गठ्ठे छापावे लागले. त्या छापील कागदांत लॉडविक पुन्हा भेटतो. इंग्लंडला परतल्यावर त्याने कंपनीच्या संचालकांना पत्र लिहून राजाशी झालेल्या वागणुकीवर आक्षेप घेतला. स्तंभावरच्या लेखात यातले काही नाही. माझ्या मते लॉडविकच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा कागद हे पत्र आहे. चौकशीला बसलेला माणूस पुढे आरोपीच्या बाजूने लिहितो, ही कबुली पन्नास पॉइंटांपेक्षा मोठी आहे. दगडाने त्याला हवेचा जाणकार म्हणून जपले. कागदाने त्याला माणूस म्हणून जपले.

महाबळेश्वरच्या जमिनीवरही या उलथापालथीच्या खुणा आहेत. प्रतापसिंहांनंतर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले. वेण्णा तलाव त्यांनी १८४२ मध्ये बांधवला. त्याच वर्षी इथल्या ख्रिस्त चर्चचा प्रतिष्ठापन विधी झाला. सहा वर्षांनी आप्पासाहेब वारले आणि सातारचे राज्य खालसा झाले. तलावात नाव वल्हवणाऱ्या पर्यटकाला एका बुडत्या राज्याचे हे शेवटचे पाणी आहे, याची कल्पना कोण देणार?

राजेरजवाड्यांचे कागद निदान राहतात. त्याहून कठीण शोध आहे तो ज्यांच्याकडे लेखणीच नव्हती त्यांचा. माल्कमने इथे एक तुरुंग बांधवला, सुमारे १२० कैद्यांसाठी. त्यात मुख्यतः मलाक्का सामुद्रधुनीकडच्या वसाहतींतून हद्दपार केलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले जात. ते रस्त्यांवर राबले, त्यांनी बागा केल्या, बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या. वेताच्या विणकामाचा धडाही त्यांनीच घालून दिला अशी नोंद आहे. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. गॅझेटियरमध्ये त्यांना जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे. पण कोयनेच्या खोऱ्याच्या माथ्यावर एका धबधब्याला आजही चायनामन धबधबा म्हणतात, कारण त्याच्याजवळ या लोकांच्या बागा होत्या. घरापासून हजारो मैलांवर बेड्या घालून आणलेल्या माणसांची या गावातली नाममुद्रा एवढीच, आणि तीही इतरांनी दिलेली.

म्हणून नावे हाही दस्तऐवज मानावा लागतो, आणि त्याची छाननी इतर कागदांसारखीच करावी लागते. सर्वांत उंच टेकडी १८८५ च्या गॅझेटियरमध्ये सिंदोळा आहे; विल्सन पॉइंट हे नाव १९२३ ते १९२८ या काळात गव्हर्नर असलेल्या सर लेस्ली विल्सनमुळे आले. तेव्हा एखाद्या तारीख नसलेल्या नकाशावर ‘विल्सन’ दिसले तर तो नकाशा १९२३ पूर्वीचा नाही, हे ठरते. आर्थर सीटबद्दल गव्हर्नर सर जॉर्ज आर्थरचे नाव सांगितले जाते. गॅझेटियर मात्र तिथे पहिले घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेटचे नाव देते आणि त्याआधीचे मढीमहाल हे नावही नोंदवते. रडतोंडीचे इंग्रजांच्या कानाने ‘रोटंडा’ केले. माल्कमच्या मुलीचे नाव केट्स पॉइंटला लागले. प्रत्येक नव्या नावाखाली एक जुने नाव आहे. ते पुसले गेले नाही, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले.

असे लिहून ठेवणाऱ्यांत साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे ऋण सर्वांत मोठे. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तरासह हजारो कागद त्यांनी मिळवले, ‘इतिहाससंग्रह’ चालवला आणि १९१६ मध्ये महाबळेश्वरवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक काढले. गिरिस्थान म्हणजे हवा खाण्याची जागा, असे मानण्याच्या काळात एका मराठी संशोधकाला त्याचा इतिहास लिहावासा वाटला, ही गोष्ट लहान नाही. ते १९२६ मध्ये गेले. त्यांचा संग्रह पुढे साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि म्हणून टिकला.

आज या एका डोंगराचा इतिहास जुळवायचा तर पाच ठिकाणी फिरावे लागते. सातारकर महाराजांच्या दप्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. मुंबई सरकारचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. पारसनिसांचे कागद डेक्कन कॉलेजात आहेत. कंपनीची बाजू लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि पाचवे ठिकाण म्हणजे खुद्द महाबळेश्वर. यातली विषमता बोलकी आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात; त्यामुळे इथल्या दफनभूमीत पुरलेल्या एखाद्या युरोपीय तान्ह्या मुलाची नोंदही तिथे सापडू शकते. त्या मुलाच्या आईची डोली घाटातून वर वाहून आणणाऱ्या भोयाच्या नावाची नक्कल कोणी कुठे पाठवत नव्हते.

पहिली चार ठिकाणे सरकारच्या आणि संस्थांच्या हातात आहेत. पाचवे आपल्या हातात आहे आणि तेच सर्वांत धोक्यात आहे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारे हे गाव. पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झडी बांधायची इथली रीत, कारण ओल भिंतीतून आत शिरते. घराला झडी बांधणारे हात ट्रंकेतल्या कागदाला मात्र विसरतात. बाजारपेठेतल्या दुकानांच्या चोपड्या, बंगल्यांचे भाडेपट्टे, माळ्यांच्या आणि घोडेवाल्यांच्या परवान्यांचे कागद, क्षेत्रातल्या पुजारी घराण्यांच्या सनदा, शाळांची हजेरीपुस्तके, स्टुडिओतले जुने फोटो: गावाने स्वतःविषयी लिहिलेले जे काही आहे ते यातच आहे. इतरांनी या गावाविषयी पुष्कळ लिहिले. गावाचा स्वतःचा आवाज या कपाटांत आहे.

त्यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहायला नको. कागद उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, पिना आणि टाचण्या काढाव्यात, सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच ठेवावा. कोणाचा, कुठून आला, कोणत्या गठ्ठ्यात होता हे शिसपेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे, कारण गठ्ठा मोडला की कागदाची अर्धी साक्ष जाते. मोडी वाचता आली नाही म्हणून रद्दीत घालू नये; वाचणारे आहेत. फोटो काढून एक प्रत गावाच्या वाचनालयात द्यावी आणि मूळ कागद घरातच, घराच्या अभिमानात राहू द्यावा.

लॉडविकचा स्तंभ तिथेच उभा राहावा. तोही कागदासारखाच एक पुरावा आहे. पण त्याच्यापासून थोड्या अंतरावर १६ मे १८२९ च्या कराराची मराठी प्रत लागली, आणि चायनामन धबधब्यापाशी तिथे कोण राबले याच्या चार ओळी लागल्या, तर येणाऱ्याला हे गाव पुरते भेटेल. तोवर ते भेटते ते दप्तरात, रुमालाची गाठ सोडणाऱ्यालाच.