संघाबाहेरचे ब्रोजेन दास

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेलेल्या पाकिस्तानच्या जलतरण संघात ब्रोजेन दास नव्हते. आदल्याच वर्षी पाकिस्तानच्या राष्ट्रीय स्पर्धेत १०० आणि ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या शर्यती त्यांनी जिंकल्या होत्या, तरीही.

दास बंगाली होते, हिंदू होते, ढाक्याजवळच्या विक्रमपूरचे होते. यातलं नेमकं काय आड आलं? पूर्व बंगालात आजही सांगतात की निवड करणारे पश्चिमेकडचे, त्यांना पूर्वेचे खेळाडू दिसतच नसत. धर्माचा मुद्दा पुराव्याशिवाय पुढे करणं मला पटत नाही. पण भारतात मुसलमान म्हणून वाढलेला माणूस ‘यादीत नाव नाही’ हे वाचून क्षणभर थबकतो, एवढं कबूल करतो.

तलावात जागा मिळाली नाही, म्हणून दास समुद्राकडे वळले. इंग्लंड आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी! नकाशावर अंतर जेमतेम ३३-३४ किलोमीटर, पण भरती-ओहोटीचे प्रवाह माणसाला आडवे ओढून नेतात आणि प्रत्यक्षात कितीतरी जास्त पोहावं लागतं. पाणी गारठवणारं. सोबतच्या बोटीला नुसता हात लागला तरी पोहणं बाद. शंभर मीटरवाल्याचं बळ इथे फारसं कामाचं नाही. तासन्‌तास एका लयीत हात मारत राहणं आणि थंडी सोसणं, हे वेगळंच शास्त्र आहे. मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, मला तर कल्पनेनेच हुडहुडी भरते. दास मात्र बुडीगंगेत पोहायला शिकलेले होते. सरावासाठी त्यांनी नारायणगंजहून चांदपूरपर्यंतचं नदीचं पात्र कापलं.

१८ ऑगस्ट १९५८. बिली बटलिन यांनी भरवलेल्या शर्यतीत ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रात्री पाण्यात उतरले आणि १४ तास ५२ मिनिटांनी इंग्लंडला लागले. सगळ्यांत पहिली आली ग्रेटा अँडरसन. पुरुषांत पहिले दास. भारतीय उपखंडातून खाडी पार करणारे ते पहिलेच. आपले मिहीर सेन त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने पोहोचले. ज्या देशाने संघात घेतलं नव्हतं, त्याच देशाने मग दासांना ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ दिला.

ते तिथेच थांबले नाहीत. १९६१पर्यंत सहा वेळा खाडी पोहून गेले. २२ सप्टेंबर १९६१ला वेळ होती १० तास ३५ मिनिटं. तो तेव्हाचा विक्रम. आधीचा १० तास ५० मिनिटांचा, १९५०पासून इजिप्तच्या हसन अब्देल रहीम यांच्या नावावर होता.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती एक छोटी गोष्ट. १९५८च्या यशाबद्दल कोलकात्याच्या आरती साहाने दासांचं अभिनंदन केलं. ती १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊन आलेली. दासांनी पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी तिचं नाव आयोजकांना सुचवलं. यादीबाहेर राहिलेल्या माणसाने सीमेपलीकडच्या मुलीचं नाव यादीत घालायला सांगितलं! ऑगस्ट १९५९मध्ये ती किनाऱ्याजवळ येऊन हुकली. २९ सप्टेंबरला पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडच्या वाळूवर चढली.

दास १ जून १९९८ला वारले, कोलकात्यात. तोवर त्यांच्या ढाक्यावरचा झेंडा बदलून सत्तावीस वर्षं होत आली होती.